मंडईच्या सावलीतले म्हातारपण

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडईची अष्टकोनी दगडी वास्तू आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या परिचयाची असेल. नाना पेठेतील सिटी चर्चची रविवारची मिस्सा आटोपून, हातात पिशव्या घेऊन मंडईकडे वळणारी कुटुंबे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ही वास्तू १८८६ साली खुली झाली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पोप तेरावे लिओ यांनी भारतातील धर्मप्रांतांची रचना केली आणि पुणे धर्मप्रांत अस्तित्वात आला. या योगायोगाला मोठा अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. मंडई आणि आपला धर्मप्रांत समवयस्क आहेत आणि दोघेही आता पुरते वृद्ध झाले आहेत, एवढे मनात ठेवून पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे. कारण आम्हांला बोलायचे आहे ते म्हातारपणाविषयी.

निमित्त साधेच घडले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मगुरू निघाले होते आणि आम्ही त्यांच्यासोबत होतो. मंडईजवळच्या एका जुन्या वाड्यात आपले एक कुटुंब राहते. त्यांच्या शेजारच्या खोलीत एक आजीबाई आहेत. त्या आपल्या धर्माच्या नव्हेत. उभा जन्म मंडईत पालेभाजी विकण्यात गेला. धर्मगुरू दिसले की त्या हात जोडतात, म्हणून दोन मिनिटे आत डोकावलो. सरकारी पैसे वेळेवर मिळतात का, असे आम्ही सहज विचारले. आजी म्हणाल्या, "पैसं येत्यात बाबा. पर रातीला पानी कोन देनार?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांजवळ नव्हते. घरी आल्यावर कपाटातील पुस्तके काढली, तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न मंडईच्या परिसरात फार पूर्वी एका थोर घरात उभा राहिला होता. ते घर ज्यांचे, त्यांचेच नाव आज या मंडईला आहे.

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात भरत असे. नव्या मंडईच्या भव्य इमारतीचा प्रश्न निघाला, तेव्हा जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला; हा पैसा रयतेच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध बाजूस सारला गेला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी इमारत उभारली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली. विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीला मिळावे, हा काळाने केलेला विनोद पुणेकर अजूनही चवीने सांगतात.

परंतु आम्हांला सांगायचे आहे ते दुसरेच. मंडई खुली झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ च्या जुलै महिन्यात, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ त्या अवस्थेत सिद्ध केला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. ती दोन वर्षे त्यांना कोणी उठवले, कोणी बसवले, कोणी अंग पुसले, हे मात्र शाळेच्या पुस्तकात नसते. डॉ. विश्राम रामजी घोले हे स्नेही औषधोपचार करीत. उरलेले सारे सावित्रीबाईंनी केले. कंत्राटाच्या व्यवसायातला पैसा समाजकार्यात कधीच खर्ची पडला होता आणि घरात चणचण होती. मामा परमानंद यांना ते पाहवेना. त्यांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या दांपत्याची स्थिती कळवली. बडोदे दरबारातून पुढे एक हजार रुपयांचे साहाय्य या कुटुंबाला मिळाले. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले.

राजाच्या खजिन्यातून, घरी असलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला मिळालेली ही मदत होती. पण ती मिळण्यासाठी काय काय लागले ते पाहावे: रुग्ण जोतीरावांसारखा थोर हवा, मित्र परमानंदांसारखा जागरूक हवा आणि राजा सयाजीरावांसारखा उदार हवा. गंज पेठेतल्या इतर कोणाही पक्षाघाती माळ्याला, कुणब्याला वा मांगाला यांतले एकही मिळण्याची सोय नव्हती. आणि एवढे होऊनही त्या मदतीत हात नव्हते. हात सावित्रीबाईंचेच होते.

मग त्या काळी सरकारजवळ म्हाताऱ्यांसाठी होते तरी काय? पुण्यात एक छप्पर होते. डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात पुण्यात ससून रुग्णालयाबरोबरच निराधार आणि पंगू लोकांसाठी एक आश्रयगृह उभे राहिले. आज आपण त्याला 'निवारा' म्हणून ओळखतो. ज्याला कोणी नाही त्याने तेथे जावे. घर सोडणे ही मदतीची अट होती.

दुसरी सोय दुष्काळापुरती होती. तिच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यावरून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्यांत माणसांचे दोन वर्ग होते. ज्यांच्या अंगात बळ आहे त्यांनी खडी फोडावी, तलाव खणावेत आणि मजुरी घ्यावी. जे म्हातारे, आंधळे, लुळे आहेत आणि ज्यांना पोसणारे कोणी नाही, त्यांची यादी गावकामगारांनी करावी आणि त्यांना त्यांच्या गावीच धान्य वा पैसा द्यावा. आमच्या समजुतीप्रमाणे, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याला सरकारी तिजोरीतून मदत देण्याची आपल्या मुलखातील पहिली लेखी आधुनिक व्यवस्था ती हीच. पाऊस पडला की यादी बंद होई. म्हातारपण मात्र पावसाने संपत नाही, याचा विचार संहितेत नव्हता.

असे कायदे करणाऱ्या इंग्रजांच्या मायदेशी मात्र वेगळी परंपरा होती. राणी एलिझाबेथच्या काळातील १६०१ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामावर आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली होती. तेथील देखरेखदार कर गोळा करीत आणि म्हाताऱ्यांना घरी पैसे, पाव, सरपण पोचवीत. कोणी अंथरुणाला खिळले, तर शेजारच्या एखाद्या बाईला शुश्रूषेसाठी धर्मग्रामाच्या पैशातून मजुरी देत. शेजारची बाई, सार्वजनिक पैसा आणि आजाऱ्याचे स्वतःचे अंथरूण, या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. १८३४ च्या नव्या कायद्याने त्या व्यवस्थेला कात्री लावली आणि गरिबांना श्रमगृहांत लोटण्याचे धोरण आले. पेशवाई १८१८ साली बुडाली तेव्हा इंग्लंडात जुनी रीत चालू होती. पण साहेबाने ती बरोबर आणली नाही.

आपल्या ख्रिस्ती लोकांनाही यात अगदीच नवखे समजण्याचे कारण नाही. प्रेषितांची कृत्ये उघडून सहावा अध्याय वाचावा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली आणि तेवढ्यासाठी सात माणसे नेमली गेली. वाटपातील तक्रार मिटवण्यासाठी नेमलेल्या या सातांतच संत स्तेफन होते! आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज अमलात, वसईसारख्या ठिकाणी 'मिझेरिकॉर्दिया' नावाचा बंधुसंघ काम करीत असे. १४९८ साली लिस्बन येथे राणी लिओनोर यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला आणि त्याला राजाश्रय होता. इस्पितळ चालवणे, बंदिवानांना अन्न पोचवणे, आणि लाजेपोटी हात पसरू न शकणाऱ्या कुटुंबांना गुपचूप घरी मदत देणे, ही त्याची कामे. या कृपेचा ओघ मुख्यतः पोर्तुगीज कुटुंबांकडेच वाहत असे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. १७३९ साली वसई पडली आणि तो अध्याय संपला. पुढे सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती लोकांसाठी पुण्यात जागा दिली आणि १७९२ साली सिटी चर्चची सुरुवात झाली. पेशव्यांच्या दरबारी लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' देण्याची चाल होती. घरी खितपत पडलेल्या म्हाताऱ्या शिपायासाठी तशी चाल असल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

सरकार पुण्यातील आजाऱ्याच्या घरात खरोखर शिरले ते १८९७ साली. प्लेगच्या त्या वर्षी रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घरोघर झडती घेऊ लागले. मंडईच्या आसपासच्या पेठांतून आजारी माणसे शोधून काढून त्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेण्यात आले. हेतू साथ रोखण्याचा असेल. परंतु सरकार घरी येते ते माणूस उचलून न्यायला, ही धास्ती त्या वर्षाने या शहराच्या मनात रुजवली. त्याच वर्षी सावित्रीबाई हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंताच्या, दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. नवऱ्याची दोन वर्षे शुश्रूषा केलेल्या त्या हातांचा शेवट असा झाला.

हात शिकवून तयार करावे लागतात आणि त्यांना वेतन द्यावे लागते, हा विचार पुण्यात रुजला तो रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनामुळे. १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी धाडले. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे तेव्हा घरंदाज स्त्रीचे काम मानले जात नव्हते. रमाबाईंनी त्या मुलींच्या पाठीवर हात ठेवला, हे त्यांचे मोठेपण. आपल्या धर्मभगिनींनी हेच काम अनेक इस्पितळांतून केले, आणि केरळातून आलेल्या परिचारिकांनी पुण्याच्या रुग्णालयांतील रात्री आजवर सांभाळल्या. मात्र हे हात बहुतांशी इस्पितळाच्या भिंतींच्या आतच राहिले. घरापर्यंत गेले ते व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे बंधू. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम यांनी सुरू केलेल्या या संस्थेचा पहिला नियमच गरिबाच्या घरी जाऊन भेटण्याचा आहे. पण आठवड्याला एक भेट म्हणजे रोजची शुश्रूषा नव्हे, हे त्या बंधूंनाही ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या हकिगतीत मंडई पुन्हा मध्यभागी येते. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव यांच्याकडे भाजीबाजारातील आणि भुसार बाजारातील हमाल पाठीच्या, मणक्याच्या तक्रारी घेऊन येत. औषधाने हे दुखणे बरे होणार नाही, हे ओळखून त्यांनी १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली. ज्याच्या पाठीवर शहराचे धान्य वाहिले गेले, त्याची पाठ मोडल्यावर कोणी विचारावयाचे, हा तिचा मूळ प्रश्न होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळण्याचा मार्ग झाला. भाजी विकणाऱ्या बाईला मात्र मालकच नाही, मग निधी कोण भरणार? त्यामुळेच २०१२ साली बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने प्रत्येक कष्टकरी वृद्धाला निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी दिल्लीत मांडली.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. रोजगार हमीचा कायदा १९७९ साली अमलात आला आणि पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८० रोजी, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. धडधाकटाला काम आणि असमर्थाला अनुदान, हा दुष्काळ-संहितेचाच सांगाडा आम्हांला यात दिसतो. फरक एवढाच, की आता पाऊस पडल्यावर यादी बंद होत नाही. हा फरक लहान नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाले. २००६ साली ते २०० रुपये झाले. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा तेथेच थबकला आहे. महाराष्ट्राने आपल्या बाजूने भर घालून २०२३ पासून एकूण रक्कम दरमहा १,५०० रुपयांवर नेली. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला मागण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. महिन्याला पावणेदोन हजारांत कोणते कुटुंब राहते, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आणि जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम असावा असे म्हटले. म्हणजे एका हाताला मुलगा आणि दुसऱ्या हाताला आश्रम. मधले स्वतःचे घर त्यात आलेच नाही. २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्यसेविकेने जावे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. परंतु त्याच आरोग्यसेविकेच्या डोक्यावर लसीकरण आहे, बाळंतपणे आहेत, नोंदवह्या आहेत. २०१९ साली २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत आले. त्यात वृद्धांना घरी मिळणाऱ्या सेवेची व्याख्या होती आणि ती देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. कायद्याच्या उंबरठ्यापर्यंत आलेला तो शब्द २०२४ साली लोकसभा विसर्जित होताच विधेयकाबरोबर गेला. त्याच वर्षी राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. तिच्यातून चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. सत्तरीपुढील नागरिकांना पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळी उपचारांचे संरक्षणही त्याच वर्षी लागू झाले. खुर्ची आली, ही चांगलीच गोष्ट आहे. खुर्चीवर बसवणारे माणूस योजनेत नाही.

हे माणूस योजनेत बसवता येतच नाही काय? येते. केरळ सरकारने २००८ साली वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींच्या पैशातून प्रशिक्षित परिचारिका घरोघर जाऊ लागली. ती जखमा धुते, नळी बदलते, सुनेला आजाऱ्याची कूस कशी बदलावी ते दाखवते. कोळिकोडच्या काही डॉक्टरांनी १९९३ साली सुरू केलेल्या लहानशा कामातून हे उभे राहिले. जर्मनीत १९९५ साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा आला. त्यातून घरी सेवा करणाऱ्या लेकीसुनेच्या श्रमांसाठी पैसे देता येतात आणि तिच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनातही भर पडते. ऑस्ट्रेलियात १९८५ पासून सरकारी खर्चाने म्हाताऱ्यांच्या घरी केर काढायला, आंघोळ घालायला, जेवण पोचवायला माणूस येते. ज्यांची मुले मेलबर्नला गेली आहेत त्या आपल्या कुटुंबांनी तेथील शेजारपाजारी हे पाहिलेले असेल. ही मुले तेथून मोठ्या प्रेमाने पैसे पाठवतात आणि येथे पुण्यात ब्यूरोकडून मावशी मिळवण्यासाठी त्यांचे आईवडील फोन करीत बसतात. ती मावशी बहुधा मराठवाड्यातून आलेली असते. तिची स्वतःची सासू गावी कोणाच्या भरवशावर असते, हे आपण तिला क्वचितच विचारतो.

श्रीमंत देशांशी आपली बरोबरी कशी, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. परंतु केरळ आपल्याच देशात आहे, आणि १६०१ चे इंग्लंड आजच्या महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नव्हते. शेजारच्या बाईला सार्वजनिक पैशातून मजुरी देण्यासाठी कारखाने आणि विमानतळ लागले नाहीत. लागली ती एक यादी, एक देखरेखदार आणि एक कर. या तिन्ही गोष्टी पुण्यात मंडईच्या इमारतीआधीपासून आहेत. नगरपालिका १८५७ पासूनची आहे.

मंडईखालून आता भुयारी मेट्रो धावते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील स्थानकासह हा मार्ग सुरू झाला. सरकते जिने आहेत, उद्वाहक आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीच्या पोटातून वर येताना एक पायरीही चढावी लागत नाही. तेथून हाकेच्या अंतरावर तो वाडा आहे. त्याचा लाकडी जिना अंधारा आहे, आणि एका हाताने दोर धरल्याशिवाय आम्हांलाही तो चढता येत नाही.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आजींची खोली रिकामी होती. क्षणभर मनात नको ते आले. शेजारच्या आपल्या बाई म्हणाल्या, आजींना हयातीचा दाखला द्यायला नेले आहे. तो दिला नाही तर पैसे बंद होतात. मंडईतले दोन ओळखीचे हमाल सकाळी आले होते. त्यांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले, टॉवेलने खुर्चीला बांधले आणि तो जिना उतरवून रिक्षापर्यंत नेले. मजुरी विचारली, तर त्यांनी ती घेतली नाही. बाईंनी रात्रीसाठी आजींच्या उशाशी ठेवायला पाण्याचा तांब्या घासून उपडा घातला होता.